सव्वा किलोचा जुना लॅपटॉप आणि पाउंडाची कळ

वापरलेला डेल लॅटिट्यूड ७३९० घेतला. आधी त्याचं वजन सांगतो: १ किलो २६५ ग्रॅम. मस्जिद बंदरला सुक्यामेव्याच्या एका पेढीवर बदाम मोजायच्या काट्यावर ठेवून बघितलं. कच्छी शेठनी लगेच कॅल्क्युलेटर ओढला. किंमत १७,५०० भागिले वजन १.२६५. “तेरा हजार आठसौ चौंतीस का किलो! इससे तो मामरा बदाम सस्ता, और खा भी सकते हैं.”

मी सहा पेढ्यांचे हिशेब लिहितो. दोन मस्जिदला, एक वडाळ्याला, दोन घाटकोपरला आणि एक लोअर परळचा छापखाना. राहायला भांडुपला. म्हणजे माझं ऑफिस माझ्या पाठीवर, आणि लोकलमध्ये चढल्यावर पोटावर. आधीचा लॅपटॉप १५.६ इंची, २ किलो ४०० ग्रॅम, वर विटेएवढा चार्जर. डाव्या खांद्याला त्याने कायमचा खड्डा पाडलाय, शर्टाची शिवण आधी तिथेच उसवते.

तरीही बदलला नसता. पण १९ ऑगस्ट २०२५ चा पाऊस मुंबईत ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको. सरकारी कचेऱ्यांना सुट्टी, आणि मी शहाणा सकाळीच मस्जिदला पोचलेलो. दुपारी मध्य रेल्वे ठप्प. भायखळ्यापर्यंत चालत, पुढे मिळेल त्या बसने, गांधी मार्केटपाशी बस उभी राहिली ती राहिलीच. उतरून पुन्हा चालत. बॅग डोक्यावर. घरी पोचलो तेव्हा बिजागरी एका बाजूने उखडली होती आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातून पाण्याचा ओघळ खाली आला होता. रिटर्न भरायची मुदत वाढून १५ सप्टेंबर झाली होती, हाती २३ फायली.

“अहो, नवाच घ्या ना हप्त्यावर,” बायकोचं म्हणणं. हलक्या वजनाचा नवा, बऱ्यापैकी बांधणीचा घ्यायचा तर साठ हजारांच्या पुढे. माझ्या कामाला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, एक्सेल आणि ब्राउझर लागतो. त्याला साठ हजार घालणं म्हणजे वहीला चांदीचा पुठ्ठा. तेव्हा जुना, पण कंपन्यांसाठी बनवलेला घ्यायचा हे ठरलं. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी अख्खा लॉट बदलतात आणि तोच माल लॅमिंग्टन रोडला येतो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण त्या नावाने रिक्षावाल्यालाच काय, टॅक्सीवाल्यालाही कळत नाही.

भाचा ऐरोलीला आयटीत आहे. त्याला फोन केला. त्याने तीन गोष्टी घोकून घेतल्या.

“मामा, आठव्या जनरेशनच्या प्रोसेसरखाली हात लावू नकोस. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय आणि विंडोज ११ सातव्यावर रीतसर चढत नाही. दुकानदार आता सहावं-सातवं स्वस्तात काढतील, भुलू नकोस.” शिवाय आठव्यापासून या पातळ लॅपटॉपांतल्या इंटेलच्या आय ५ प्रोसेसरला दोनाऐवजी चार कोअर, म्हणजे एकाच वेळी राबणारे चार मेंदू आले, त्यामुळे फरक नुसता आकड्याचा नाही. दुसरं म्हणजे रॅम बदलता येते का ते बघायचं. मला थिंकपॅड एक्स २८० आवडला होता, पण त्यात रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. ८ जीबीचा घेतला तर मरेपर्यंत ८ जीबी. आणि तिसरं, यूएसबीची जुनी चौकोनी तोंडं हवीत. हे मीच त्याला सांगितलं खरं तर. माझ्या एका अशिलाची प्रायव्हेट लिमिटेड आहे, तिच्या जीएसटीला डिजिटल सहीचं टोकन (पेन ड्राइव्हसारखंच दिसतं) लावावं लागतं आणि ते टोकन जुन्याच तोंडाचं. ज्यांना मॅकबुक एअर मिरवायचाय त्यांनी खुशाल मिरवावा, मला अडॅप्टरांची माळ गळ्यात घालून फिरायचं नाही.

हे सगळं गाळून उरला डेल लॅटिट्यूड ७३९०. २०१८ च्या सुमाराचं मॉडेल, १३.३ इंच, फुल एचडी, रॅमचा एकच पण उघडा स्लॉट, दोन जुने यूएसबी, एक सी टाइप, एचडीएमआय, आणि लॅनचं, म्हणजे नेटवर्कच्या वायरचं अख्खं तोंड. लॅनची किंमत ज्याला कळते त्याला कळते. मस्जिदच्या त्या दगडी इमारतीत वायफाय एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात नाही, शेठचा टॅली सर्व्हर माळ्यावर, आणि माझी गादी खाली.

शनिवारी २३ तारखेला गेलो, कारण रविवारी तिथली दुकानं बंद असतात आणि बुधवारी गणपती. ग्रँट रोडला पूर्वेला उतरून चालत. दुकानाचं नाव देत नाही, पुढे कळेल का ते. पहिला मजला, जिना एका माणसापुरता, आत गाळ्यात भिंतीला टेकून लॅपटॉप असे उभे रचलेले की जणू शाळेच्या पाट्या. काउंटरवरचा मुलगा विशीतला, तोंडात सतत “मख्खन पीस”. ए प्लस ग्रेड, ए ग्रेड, बी ग्रेड. ए प्लस म्हणजे काय, विचारलं तर म्हणाला, “साब, देखके नया लगना चाहिए.” म्हणजे ग्रेड सगळी वरच्या पत्र्याची. आतल्या जिवाला ग्रेड नाही. बऱ्याच पिसांच्या झाकणावर काळी चकचकीत फिल्म चिकटवलेली होती. ती मी सरळ नखाने उचकटून बघितली. खाली खरवडे होते. खरवड्यांचं मला काही नाही, लपवण्याचं आहे.

पहिला पीस सुरू होतानाच एफ २ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये शिरलो. पासवर्ड मागितला. मुलगा म्हणाला, त्याने काय फरक पडतो, विंडोज तर चालतंय. फरक असा पडतो की ही किल्ली जुन्या मालकाच्या खिशात आहे. उद्या पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकायची वेळ आली आणि बायोसने वाट अडवली, तर वस्तू माझी पण घर त्याचं. परत. दुसऱ्या पिसाच्या पडद्यावर पांढरं पान उघडलं तर उजवीकडे खाली मळकट डाग, आतून दाब पडल्याचा. परत. तिसऱ्याला बायोस मोकळं, पडदा स्वच्छ, बिजागरी घट्ट, एका हाताने झाकण उघडलं तर खालचा भाग सोबत उचलला जात होता, म्हणजे चांगलीच घट्ट.

मग बॅटरी. ही युक्ती जुना लॅपटॉप घेणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावी, फुकट आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडायचं, ‘पॉवर सीएफजी’ असं जोडून लिहायचं, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘बॅटरी रिपोर्ट’, तेही जोडून, सगळं इंग्रजीत. एक पान तयार होतं. त्यात दोन आकडे शोधायचे: मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता. माझ्या पिसाची मूळ ६०,००० मिलिवॉट-अवर, आताची ४१,२००. म्हणजे ६८ टक्क्यांच्या जरा वर. मुलाने मघाशी “बॅटरी ९० के उपर” म्हणून सांगितलेलं. तो ज्या ९० कडे बोट दाखवत होता ते त्या क्षणाचं चार्जिंग होतं.

पेन ड्राइव्हवर भाच्याने डिस्क तपासायचं एक छोटं सॉफ्टवेअर दिलं होतं. एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, ९१ टक्के ठीक, ९,८०० तास चाललेली. हे लिहून घेत होतो तेव्हा आतून मालक आले. “इतना तो इन्कम टॅक्सवाला भी नहीं देखता.” मी म्हटलं, त्यांच्यासाठीच सवय लावून घेतलीय.

१९,५०० वरून १७,५००. बॅटरीच्या ६८ वर दीड हजार उतरले, उरलेले पाचशे “फुल ऑफिस टाकून देतो” हे नाकारल्याबद्दल मी मागून घेतले. ते फुल ऑफिस म्हणजे क्रॅक. ज्या यंत्रावर २३ लोकांचे पॅन, बँकेचे पासबुक आणि एका कंपनीची डिजिटल सही बसणार, त्यावर कुणीतरी कुलूप फोडून दिलेलं सॉफ्टवेअर चालवायचं? माझा धंदाच जाईल.

बिलावर जरा थांबतो, कारण तिथे माझा हात चालतो. बिल मागितल्यावर कर वेगळा दाखवलेला नव्हता. भांडायला गेलो नाही, कारण ते बरोबर होतं. जुन्या मालाचा व्यापारी केंद्रीय जीएसटीच्या नियम ३२(५) खाली नुसत्या फरकावर, म्हणजे घेतला किती आणि विकला किती याच्या मधल्या रकमेवर कर भरू शकतो. त्यात घेणाऱ्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. मला नोंदणीच नाही, सोयरसुतक नाही. पण कुणी पेढीच्या नावावर दहा लॅपटॉप घेऊन १८ टक्के परत मिळतील म्हणून बसला असेल तर त्याने भाव ठरवायच्या आधी हे विचारावं, नंतर नव्हे. एक मात्र केलं: बिलावर सर्व्हिस टॅग लिहून घेतला. डेलच्या प्रत्येक लॅपटॉपच्या पोटावर सात अक्षरांचा टॅग असतो, तो त्यांच्या साइटवर टाकला की मूळ कारखान्यातून काय बसवून निघाला होता ते दिसतं. तिथेच मला कळायला हवं होतं की हा पीस विलायतेहून आलाय. मी रॅम जुळते का बघितलं, प्रोसेसर जुळतो का बघितलं, आणि खुशीत पान बंद केलं.

कीबोर्ड कोण बघतो? मी बघितला नाही. दिवसाचे आठ तास ज्याची बोटं कीबोर्डवर असतात त्याने सगळं बघितलं, कीबोर्ड सोडून.

घरी आल्यावर पहिल्यांदा विंडोज पुसून नवं टाकलं. भाच्याने सांगितलं होतं, दुकानदाराच्या विंडोजवर एक रात्रही काढू नकोस. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेन ड्राइव्ह बनवला. लायसन्सची किल्ली बायोसमध्येच असते, नेट लागलं की आपोआप ओळखतो. सेटअपमध्ये वायफायचा पासवर्ड टाकताना मात्र श्वास रोखला होता. काही कंपन्या लॅपटॉप विकून टाकतात पण आपल्या नोंदीतून काढायचं विसरतात. मग नव्या माणसाने नेट जोडलं की पडद्यावर त्या कंपनीचं नाव येतं आणि तिथल्या कर्मचाऱ्याचं लॉगिन मागतं. जुनं विंडोज चालू असताना हे दिसत नाही, पुसल्यावरच दिसतं. म्हणून दुकानदाराच्या सात दिवसांच्या टेस्टिंग वॉरंटीतच हे करून घ्यावं. माझं सुखरूप पार पडलं.

मग टॅली उघडलं. तारीख बदलायला एफ २ दाबलं. तारीख हलेना. पुन्हा दाबलं. दहा वेळा दाबल्यावर लक्षात आलं की तारीख तिथेच आहे आणि लॅपटॉप मुका झालाय. वरच्या रांगेत आधी आवाज आणि उजेड, मग एफची कामं. एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की उलटतं. हे अर्ध्या तासाचं दुखणं.

कायमचं दुखणं दुसरं. कीबोर्ड ब्रिटिश. ३ च्या कळीवर पाउंड, ४ वर डॉलर, रुपया कुठेच नाही. एंटर उंच आणि अरुंद. डावीकडची शिफ्ट निम्मी कापलेली, तिच्या शेजारी एक जादा कळ. माझी बोटं वीस वर्षं अमेरिकन मांडणीवर चाललेली, म्हणून विंडोजमध्ये इंग्लिश-इंडिया ठेवलं. त्याने ॲटचं चिन्ह (@) वगैरे जुन्या जागी आलं, छापलेलं काही का असेना. रुपयाचं चिन्हही उजवं ऑल्ट आणि ४ दाबून येतं. पण त्या मांडणीत शिफ्टजवळची जादा कळ आणि एंटरला खेटलेली कळ, दोन्ही एकच अक्षर देतात: उलटी तिरकी रेघ. करंगळी शिफ्टला गेली की रेघ, एंटरला जरा आधी पडली की रेघ. सप्टेंबरभर माझ्या लेजरांत ‘\शाह ट्रेडर्स’, ‘\बँक चार्जेस’ असे नग जमा झाले. लोअर परळच्या छापखान्यात मालकांनी विचारलं, हे कुठलं नवं खातं?

आकड्यांचा वेगळा पॅड नाही हे मात्र माहीत होतं, १३ इंचात कुठून येणार. तरी माहीत असणं आणि वरच्या रांगेत ४० व्हाउचर टाकणं यात फरक आहे. पहिल्या आठवड्यात माझा वेग निम्म्यावर आला. ४५० रुपयांचा यूएसबी नंबर पॅड घेतला, तो बॅगेत दंताळीसारखा आडवा बसतो. आता गंमत बघा: नंबर पॅड एका तोंडात, माउस दुसऱ्यात, आणि टोकन? सही करायची वेळ आली की माउस काढायचा. महिन्यातून दोन-चारदा, चालतं.

दुकानाबद्दल तक्रार चार्जरची. दिलेला चार्जर गोल पिनचा, वरून डेलसारखाच. दुसऱ्या दिवशी सुरू करताना पडद्यावर इंग्रजीत: अडॅप्टर ओळखता येत नाही. डेलच्या गोल पिनेच्या मधोमध एक बारीक सुई असते, तिच्यातून चार्जर आपण किती वॉटचे हे लॅपटॉपला कळवतो. लोकल चार्जरात ती चिप नसते किंवा मरते. मग लॅपटॉप बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम संथ करतो. दुकानात फोन केला. “साब, एंटर दबाके आगे बढो, चलेगा.” चालत होतं, माझ्या आजीच्या गतीने. दोनदा जिना चढलो. वॉरंटी सहा महिन्यांची, त्यातून बॅटरी, चार्जर, स्क्रीन वगळलेलं. उरलं काय म्हणून मालकांना विचारलं तर हसले. माणूस वाईट नाही, चहा दोन्ही वेळा पाजला. चार्जर दिला नाही.

शेवटी १,३०० रुपयांचा ६५ वॉटचा सी टाइप चार्जर घेतला आणि हा शोध आधीच लागायला हवा होता असं वाटलं. मुठीत मावतो, लॅपटॉप भरतो, फोनही भरतो. गोल पिनचा डबा घरी ड्रॉवरमध्ये. फोनबरोबर येणारा छोटा चार्जर मात्र लावू नये. वॉट कमी पडले की पुन्हा तीच कुरकुर.

बाकी चालण्याबद्दल. बॅटरी ६८ टक्केच असली तरी टॅली आणि एक्सेलवर साडेचार तास देते. भांडुप ते मस्जिद, तिथलं काम आणि परत, चार्जर न काढता होतं. पडदा चकचकीत नाही, त्यामुळे शेठच्या ट्यूबलाइटखाली बसलं तरी चेहरा दिसत नाही. फुल एचडी १३ इंचात अक्षरं मुंगीएवढी होतात, ४६ च्या डोळ्यांना १२५ टक्के करून घ्यावी लागली. १४ तारखेला जीएसटीचं टूबी (खरेदीवरच्या क्रेडिटचा तक्ता) येतं आणि २० ला थ्रीबी (महिन्याचं रिटर्न) भरायचं, त्या सहा दिवसांत ३०-४० हजार ओळींची फाईल ताडून बघायला घेतली की ८ जीबी रॅम दमते, पंखा घुमायला लागतो. त्याच वेळी १६ ची घ्यायला हवी होती. ऑगस्टमध्ये मालक जुनी ८ घेऊन वर दीड हजारात देत होते, मी म्हटलं नंतर बघू. जानेवारीत विचारायला गेलो तर रॅमचा भाव दुपटीच्या वर. स्लॉट उघडा आहे, खिसा बंद.

खांदा? फरक पडला. संध्याकाळी कल्याण स्लोमध्ये उभं राहून बॅग पुढे घेतली की पूर्वी समोरच्या माणसाच्या पाठीत कोपरा रुतायचा आणि दादरपर्यंत त्याच्या शिव्या. आता बॅग चपटी आहे, डब्याचाच फुगवटा जास्त.

ज्याला एका टेबलावर बसून दिवसभर आकडे टाकायचेत त्याने हा घेऊ नये, पंधरा इंची घ्यावा, नंबर पॅडवाला. ज्याचं पाय आणि लोकल यांच्यावर पोट आहे त्याने घ्यावा. सगळा खर्च मिळून मला १९,२५० पडला.

शेठना मात्र तो काटा विसरवत नाही. परवा नातवासाठी म्हणाले, “वैसाच एक मेरे को दिलाओ, पर थोडा कम वजन का.” मी म्हटलं, २० तारखेनंतर जाऊ, आणि ह्या वेळी नातवालाच न्या, त्याच्या बोटांनी कीबोर्ड बघू दे.